ठाणे-नवी मुंबईच्या हिवाळ्यात रोझमेरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आमच्या गॅलरीत मी बरीच वर्षं रोझमेरी, म्हणजे स्वयंपाकात वापरतात ते सुवासिक पानांचं झुडूप, लावते आहे. सोसायटीतल्या, ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या लोकांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हिवाळ्यात हमखास विचारले जाणारे प्रश्न आधी घेतले आहेत, कारण आपल्याकडे रोझमेरीबद्दल सर्वांत मोठा गैरसमज हिवाळ्याबद्दलच आहे.

थंडी सुरू झाली. रोझमेरी घरात घेऊ का?

नको. उलट आत असेल तर बाहेर काढा.

रोझमेरी उणे 5 ते उणे 10 अंशांपर्यंतची थंडी सोसते. काही जाती त्याहूनही जास्त सोसतात. मुंबईत आजवर नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान 7.4 अंश आहे, सांताक्रूझला, 22 जानेवारी 1962 रोजी. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री साधारण 16 ते 20 अंशांच्या असतात. येऊरच्या पायथ्याशी किंवा खारघरच्या डोंगराकडे अजून दोन-तीन अंश कमी. आपल्याला शाल घ्यावीशी वाटते, तेव्हा या झाडाला नुसतं बरं वाटत असतं.

झाडावर रात्री प्लास्टिकची पिशवी घालणारे लोकही मी पाहिले आहेत. काळजीपोटीच करतात, पण तसं करू नका. आत वाफ साचते, पानं ओली राहतात आणि जे झाड थंडीने कधीच मेलं नसतं ते बुरशीने मरतं.

मग नेटवर सगळीकडे ‘हिवाळ्यात झाड आत घ्या, खत बंद, छाटणी बंद’ असं का लिहिलेलं असतं?

ते बर्फ पडणाऱ्या देशांतल्या लोकांसाठी लिहिलेलं असतं. कुंडीतली माती गोठली की मुळं मरतात, म्हणून ते कुंडी आत घेतात. त्यांचा सल्ला त्यांच्या जागी बरोबरच आहे.

आपलं गणित समजायचं असेल तर रोझमेरीचं माहेर लक्षात घ्यावं लागतं. ही भूमध्य समुद्राच्या काठची, खडकाळ उतारावर वाढणारी झुडूप. तिथे पाऊस पडतो हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा ठाक. आपल्याकडे बरोबर उलटं: पाऊस उन्हाळ्याच्या पाठीला लागून येतो. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि त्या चार महिन्यांत हवेत इतका दमटपणा की वाळत घातलेले कपडेसुद्धा कुबट होतात. पानांची सुई करून, खालच्या बाजूला पांढरट लव धरून, कडा आत वळवून जे झाड पाण्याचा थेंब न् थेंब वाचवायला शिकलं, त्याला आपण जुलैत अक्षरशः बुडवतो.

म्हणून ठाण्यातल्या रोझमेरीचा शत्रू हिवाळा नाही, पावसाळा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने म्हणजे तिची वाढीची, खाण्यापिण्याची, मुळं धरण्याची वेळ. या चार महिन्यांत झाड जितकं दणकट होईल तितकी पुढच्या पावसाळ्यात टिकायची शक्यता जास्त. पुढची सगळी उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

नक्की कधी सुरुवात करायची?

तारखेपेक्षा सण लक्षात ठेवणं मला सोपं वाटतं. ऑक्टोबरची उकाड्याची लाट ओसरेपर्यंत झाडाला हात लावू नका. तुळशीचं लग्न झालं की नवं रोप आणा, जुन्याची कुंडी बदला, छाटणी करा, कटिंग (नव्या रोपासाठी कापलेलं फांदीचं टोक) लावा. संक्रांतीपर्यंत जोमाची वाढ होते. फेब्रुवारीच्या शेवटी एखाद्या दिवशी पारा एकदम 35-36 च्या वर जातो, तेव्हा समजायचं हंगाम संपत आला. होळीनंतर मुळांशी काही खेळ करायचा नाही.

आमच्या गॅलरीत ऊन येतं, पण पुरेसं आहे का ते कसं कळणार?

सहा तास थेट ऊन हवं. ‘उजेड भरपूर येतो’ हे उत्तर चालत नाही.

इथे हिवाळ्याची एक मोठी मदत होते. 21 डिसेंबरच्या सुमारास ठाण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 47 अंश वर येतो, तोही दक्षिणेकडे कललेला. मेच्या मध्यावर तोच सूर्य थेट डोक्यावर असतो आणि वरच्या मजल्याच्या छज्जामुळे गॅलरीत शिरतच नाही. त्यामुळे दक्षिणेची गॅलरी, जी मे महिन्यात सावलीत असते, ती डिसेंबरमध्ये उन्हाने भरून जाते. रोझमेरीसाठी याहून चांगली जागा नाही. पूर्वेची किंवा पश्चिमेची गॅलरी असेल तर चार-साडेचार तास मिळतात. झाड जगतं, पण लांबट होतं.

मी दर नोव्हेंबरला एका रविवारी गॅलरीच्या फरशीवर खडूने रेघा मारते. सकाळी नऊला उन्हाची कड कुठे आहे, बाराला कुठे, तीनला कुठे. तिन्ही वेळा जो तुकडा उन्हात सापडतो तिथे रोझमेरी. आमच्याकडे तो तुकडा दोन फरश्यांएवढाच आहे, समोरच्या इमारतीमुळे. आधी मी कुंडी ग्रिलच्या कोपऱ्यात शोभून दिसते म्हणून ठेवत होते आणि तिथे अकरानंतर सावली पडत होती. दोन फूट सरकवल्यावर महिन्याभरात फांद्यांची टोकं दाट भरली.

उत्तरेची गॅलरी असेल तर हिवाळ्यात थेट ऊन जवळपास नाहीच. अशा घरात रोझमेरीचा हट्ट धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गच्चीवर ठेवायची परवानगी मिळत असेल तर बघा, नाहीतर पुदिना लावा, तो आनंदाने येईल.

पाणी किती आणि किती दिवसांनी?

‘किती दिवसांनी’ याचं उत्तर द्यायला मी कचरते, कारण माझी पहिली रोझमेरी अशाच ठरलेल्या दिवसांमुळे गेली. ती तुळशीशेजारी होती. आई रोज सकाळी आंघोळ करून तुळशीला पाणी घालायची आणि उरलेला तांब्या शेजारच्या कुंडीत. तुळशीचं भलं झालं. रोझमेरी मात्र नाताळच्या आठवड्यात गेली, आणि जाताना हिरवीच होती. कुंडी उलटी केली तेव्हा मुळांचा गोळा बाहेरून ठीक दिसला. मधे बोट घातलं तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) स्पंजासारखं ओलं, आणि मुळं ओढली की वरची साल मोज्यासारखी सुटून हातात येत होती, आत नुसता दोरा. वास गटारासारखा. तेव्हापासून आमच्याकडे तुळस आणि रोझमेरी गॅलरीच्या दोन टोकांना असतात.

पद्धत सांगते. कुंडी उचला. पाणी घातल्यावर ती किती जड लागते आणि कोरडी झाल्यावर किती हलकी, हे आठवडाभर रोज उचलून पाहिलं की हाताला कळायला लागतं. कुंडी मोठी असेल तर बोटाची दोन पेरं मातीत घाला. दोन्ही पेरं कोरडी लागली तरच पाणी. आणि घालाल तेव्हा पोटभर घाला, तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. मग दहा मिनिटांनी ताटलीतलं पाणी फेकून द्या. रोज अर्धा कप घालण्याने वरची माती कायम ओली आणि तळाची मुळं उपाशी, असं दोन्हीकडून नुकसान होतं.

माझ्या आठ इंची मातीच्या कुंडीला डिसेंबरमध्ये तीन-चार दिवसांनी पाणी लागतं. प्लास्टिकच्या कुंडीला सहा-सात दिवसांनी. वरच्या मजल्यावर, खाडीकडे तोंड असलेल्या घरात, म्हणजे पाम बीच रोडच्या बाजूला वगैरे, दुपारचा वारा जोरात असतो, तिथे एखादा दिवस आधी लागेल.

पाणी सकाळी घाला. रात्रभर ओली माती आणि पहाटेचं धुकं ही जोडी बुरशीला आवडते.

आमच्याकडे टँकरचं पाणी येतं. चालेल का?

घोडबंदर पट्ट्यात हा प्रश्न फार येतो. टँकरचं किंवा बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर मातीच्या कुंडीला बाहेरून पांढरा थर धरतो, पानांची टोकं करपतात. महिन्यातून एकदा कुंडी मोरीत नेऊन नळाचं साधं पाणी तीन-चार तांबे सलग ओता, क्षार धुऊन जातात. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी येतं त्या भागांत ही अडचण सहसा येत नाही. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनची काळजी करू नका.

नर्सरीतून आणलेलं रोप महिन्याभरात वाळतं. आमचं काय चुकतं?

बहुतेक वेळा तुमचं काहीच चुकत नाही, माती चुकीची असते. रोपं बऱ्याचदा थंड, कोरड्या हवेच्या भागातून वाढवून आणलेली असतात आणि निव्वळ कोकोपीटमध्ये लावलेली असतात. कोकोपीट हलकं, वाहतुकीला सोयीचं, म्हणून नर्सरीवाल्याला ते बरं. पण ते पाणी धरून ठेवतं, आणि रोझमेरीला नेमकं तेच नको.

रोप घरी आणलं की आठ-दहा दिवस तसंच उन्हात ठेवा, नव्या जागेची सवय होऊ द्या. मग कुंडी बदला. माझं मिश्रण असं: दोन भाग बागेची लाल माती, एक भाग जाड रेती, एक भाग विटांचा बारीक चुरा किंवा पर्लाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे), एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट. विटेचे तुकडे वाटाण्यापेक्षा मोठे नकोत. इमारतींच्या कामावर रेती मिळते ती चालते, पण आधी दोन पाण्यांनी धुवा. समुद्राची किंवा खाडीची वाळू अजिबात नको, मीठ असतं.

मिश्रण जमलं का ते बघायचं असेल तर रिकाम्या कुंडीत भरून वर एक तांब्या पाणी ओता. अर्ध्या मिनिटात पाणी खाली आलं पाहिजे. वर तळं साचून राहिलं तर अजून रेती घाला. हे सगळं रोप लावायच्या आधी करा, लावल्यावर काही करता येत नाही.

रोप काढताना मुळांभोवतीचं कोकोपीट बोटांनी अलगद झाडा. सगळं काढायच्या नादाला लागू नका, बारीक मुळं तुटतात. अर्धं सुटलं तरी पुष्कळ. मूळचं रोप ज्या पातळीवर होतं त्याच पातळीवर लावा, किंचित वर चालेल. खोड मातीत पुरलं गेलं तर बुंध्याशी कुजतं.

तळाशी खडे घालावेत का?

नको. आपल्याकडे पूर्वापार घालतात खरं, पण खड्यांचा थर घातल्याने निचरा सुधारत नाही. पाणी बारीक मातीतून जाड थरात सहज उतरत नाही. ते मातीच्याच तळाशी थबकतं, आणि खड्यांनी जागा अडवल्यामुळे ही ओली पट्टी मुळांच्या अजून जवळ येते. भोकावर खापराचा एक तुकडा उपडा ठेवा, माती वाहून जाऊ नये म्हणून, बस.

कुंडी कोणती?

मातीची. भाजलेली, न रंगवलेली. बाजूंनी हवा खेळते आणि ओल बाहेर जाते. पहिल्या वर्षी सहा ते आठ इंच पुरे. छोट्या रोपाला मोठी कुंडी दिली की न वापरलेली माती ओली राहते. ग्रो बॅगही चांगली, वजनाची काळजी असेल तर.

पानं काळी-तपकिरी पडताहेत. पाणी जास्त झालं की कमी?

रोझमेरी लवकर तक्रार करत नाही, ही खरी अडचण आहे. तुळस मान टाकते, जास्वंद कळ्या गाळते. रोझमेरीची पानं कडक असल्यामुळे मूळ मेल्यावरही ती कितीतरी दिवस ताजी दिसते.

पाणी जास्त झालं असेल तर खालची, आतली पानं आधी पिवळी, मग काळपट होतात. कोवळ्या टोकांना काळेपणा येतो, फांदी मऊ लागते, मातीला कुबट वास येतो. पाणी कमी पडलं असेल तर सगळं झाड एकसारखं राखाडी होतं, पानं आत वळतात आणि हात फिरवला की कोरड्या शेवयांसारखी झडतात.

झाड जिवंत आहे का, हे नखाने कळतं. बुंध्याजवळची साल नखाने किंचित खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर आशा आहे. तपकिरी, कोरडं असेल तर थोडं खाली, अजून थोडं खाली असं बघत जा. मातीपर्यंत हिरवं कुठेच नसेल तर झाड गेलं.

जास्त पाण्याने आजारी झाड हिवाळ्यात वाचायची शक्यता बरीच असते. कुंडीतून काढा, काळी मऊ मुळं कात्रीने कापा, वर्तमानपत्रावर तासभर सावलीत राहू द्या, कोरड्या नव्या मिश्रणात लावा आणि वरचा पसाराही तेवढ्याच प्रमाणात कमी करा, कारण उरलेल्या मुळांना एवढं मोठं झाड पोसता येत नाही. दोन दिवस पाणी नको. आणि हे करायच्या आधी जी टोकं अजून हिरवी आहेत त्यांची कटिंग काढून ठेवा. झाड गेलं तरी त्याचा वंश राहतो.

हिवाळ्यात छाटणी करायची का?

हो, आपल्याकडे हीच वेळ. तुळशीच्या लग्नानंतर एकदा नीट छाटा आणि फेब्रुवारीच्या मध्यावर हलकी. एका वेळी झाडाचा एक तृतीयांश भाग, त्याहून जास्त नको.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. फांदीवर जिथे पानं आहेत त्या भागातच कापा. खालच्या उघड्या, तपकिरी लाकडात कापलं तर तिथून नवा फुटवा सहसा येत नाही, ती फांदी ठुंठ होऊन बसते. पावसाळ्यात खालून उघडी पडलेली झाडं बघून लोक गुलाबासारखी खोल छाटणी करतात आणि झाड गमावतात. गुलाबाचा नियम इथे लावू नका.

मधल्या दाट फांद्यांपैकी दोन-तीन मुळापासून काढल्या तर आत हवा खेळते. पुढच्या पावसाळ्यासाठी ही सर्वांत उपयोगी छाटणी.

बियांपासून येईल का?

येईल, पण मी सुचवणार नाही. बी कमी उगवतं, तीन-चार आठवडे वाट पाहायला लावतं आणि रोप हाताएवढं व्हायला आपला एक हिवाळा पुरत नाही. कोवळं रोप पावसाळ्यात शिरलं की संपलं.

कटिंग लावा. नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम. न फुललेल्या फांदीचं चार-पाच इंचांचं टोक घ्या, जे टोकाला कोवळं आणि खाली जरा टणक व्हायला लागलेलं आहे. खालची दोन तृतीयांश पानं वरून खाली ओरबाडून काढा. (हाताला जो वास लागतो तो संध्याकाळपर्यंत जात नाही, कापूर आणि निलगिरी एकत्र केल्यासारखा. त्या वासासाठीच मी ही सगळी खटपट करते.) निम्मी रेती, निम्मं कोकोपीट ओलसर करून काडी खोचा. मुळं फुटेपर्यंत कोकोपीट चालतं, तिथे ओल हवीच असते. उजेड हवा, थेट ऊन नको. चार ते सहा आठवड्यांनी काडी अगदी हलके वर ओढून बघा. अडली तर मूळ धरलं.

सहा काड्या लावा, तीन-चार लागतील. पाण्याच्या पेल्यातही मुळं फुटतात, फक्त पाणी दोन दिवसांनी बदला आणि मुळं अर्धा इंच झाली की लगेच मातीत हलवा.

खत कोणतं द्यावं?

फार थोडं. नोव्हेंबरात कुंडी बदलताना मिश्रणात कंपोस्ट घातलं असेल तर जानेवारीत एक मूठ गांडूळखत, एवढंच. युरिया किंवा जोरकस नत्रखत दिलं तर लांब, लुसलुशीत, बेचव फांद्या येतात आणि त्यांच्यावर कीड तुटून पडते. चहाचा चोथा घालू नका, कुंडीत तो ओल धरून बुरशी आणतो. अंड्याची टरफलं घातली तर बिघडत नाही, पण ती इतकी हळू विरघळतात की या हंगामात त्यांचा उपयोग धरू नका.

पानांवर धूळ बसते. धुवायची का?

धुवायलाच हवी. पाऊस थांबला की आपल्याकडची हवा हिवाळ्यात जड होते, त्यात इमारतींची आणि मेट्रोची कामं. आठवड्याभरात पानांवर राखाडी थर येतो आणि मिळणारं ऊन वाया जातं. दर पंधरा दिवसांनी, कोरड्या स्वच्छ सकाळी, कुंडीच्या मातीवर प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, कुंडी मोरीत आडवी धरा आणि हलक्या फवाऱ्याने पानं धुवा. आडवी धरली की पाणी मातीत जात नाही. मग लगेच उन्हात. संध्याकाळी धुऊ नका.

पानांवर पांढरं काहीतरी आलंय.

तीन शक्यता आहेत. पिठूळ, हाताने पुसलं जाणारं असेल तर भुरी. दिवसा कोरडं आणि पहाटे धुकं असलं की जानेवारीत येते. लागलेल्या फांद्या काढा, कुंड्यांमध्ये अंतर ठेवा, एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी सकाळी उन्हात फवारा, आठवड्यातून एकदा.

कापसाचे बारीक बोळे फांदीच्या बेचक्यात असतील तर पिठ्या ढेकूण. कानात घालायच्या काडीला स्पिरिट लावून एकेक टिपून काढा. शेजारची जास्वंद तपासा, तो बहुधा तिथूनच येतो.

झाड हलवल्यावर पांढरे ठिपके उडाले तर पांढरी माशी. पिवळे चिकट कागद लावा, आणि लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब घालून संध्याकाळी फवारा. त्यानंतर आठवडाभर त्या फांद्या स्वयंपाकात नको.

पानांच्या खालच्या बाजूची पांढरी लव मात्र जन्मजात आहे. ती बुरशी समजून घासू नका.

फुलं का येत नाहीत?

निळसर, इवली, सुंदर फुलं येतात, पण त्यासाठी थंडी लागते आणि आपली थंडी बहुतेक वेळा कमी पडते. शिवाय आपण सतत टोकं खुडत असतो. फुलांसाठी रोझमेरी लावायची असेल तर ठाणे ती जागा नाही.

नर्सरीच्या पाटीवर ‘साल्व्हिया’ लिहिलंय. हे दुसरं झाड आहे का?

तेच आहे. 2017 मध्ये संशोधकांनी रोझमेरीला साल्व्हिया, म्हणजे सेजच्या गटात घातलं, त्यामुळे शास्त्रीय नाव आता साल्व्हिया रोझमॅरिनस. कुळ तुळशीचंच. घेताना एक पान चुरडून बघा. वास नसेल तर घेऊ नका, दिसायला सारखी पण बिनवासाची शोभेची झाडंही असतात.

किती खुडलं तर चालेल? आणि वाळवायचं कसं?

नव्या रोपाचं पहिले दोन महिने काहीच नको. नंतर दर आठवड्याला चार-पाच टोकं बिनधास्त घ्या, त्याने झाड भरतं. वाळवण्यासाठी जानेवारीसारखा महिना नाही. फांद्यांची जुडी बांधून सावलीत, पंख्यापासून दूर, उलटी टांगा. दहा-बारा दिवसांत पानं कुरकुरीत होतात. बरणीत भरा. पावसाळ्यात हाच प्रयोग केला तर बुरशीच हाती लागते.

स्वयंपाकात जपून वापरा, उग्र असते. मला सर्वांत आवडते ती बटाट्याच्या काचऱ्यांत: तेलात लसूण ठेचून टाकायचा, त्यावर एका काडीची बारीक चिरलेली पानं, दहा सेकंद, मग काचऱ्या. मोहरी-हिंग त्या दिवशी सुट्टीवर.

केसांसाठी रोझमेरीचं पाणी करतात, त्याने खरंच केस येतात का?

हल्ली निम्मी रोपं याचसाठी विकली जात असतील, म्हणून नीट सांगते. ज्याचा सगळीकडे दाखला देतात तो अभ्यास 2015 चा. पुरुषी टक्कल पडत असलेल्या 100 जणांवर सहा महिने केलेला. त्यात रोझमेरीचं तेल आणि 2 टक्के मिनॉक्सिडिल (टक्कल पडण्यावरचं औषध) यांची तुलना होती आणि दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा निघाला. पण ते तेल होतं, घरी उकळलेलं पाणी नव्हे, आणि सहा महिने नेमाने वापरलेलं. पाण्याने डोक्याला छान वाटतं, वास छान येतो, त्यापुढचा भरवसा मी देणार नाही. करायचंच तर थोडं करा, फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा. विकतचं शुद्ध तेल कधीही थेट टाळूला लावू नका, खोबरेल तेलात काही थेंब मिसळूनच लावा. गरोदर बायकांनी भाजीत चिमूटभर खाल्ली तर हरकत नाही, तेल आणि काढे टाळावेत.

केसांसाठी म्हणून नव्या रोपाच्या मोठ्या मोठ्या फांद्या मात्र कापू नका, कळकळीने सांगते.

घरात मांजर आहे. तिने पानं खाल्ली तर?

रोझमेरी मांजराला किंवा कुत्र्याला विषारी नाही. तेलाची बाटली तेवढी दूर ठेवा.

नाताळच्या सुट्टीत दहा दिवस गावी जातोय.

निघायच्या दिवशी पोटभर पाणी घाला आणि कुंडी थेट उन्हातून काढून सकाळचंच ऊन मिळेल अशा जागी ठेवा. मातीच्या कुंडीलाही दहा दिवस जमतात. शेजाऱ्यांना किल्ली देत असाल तर ‘रोझमेरीला पाणी घालू नका’ असं कागदावर लिहून कुंडीत खोचा. प्रेमाने रोज पाणी घालणारे शेजारी फार असतात.

होळीनंतर काय? आणि पावसाळ्यात?

मार्चपासून दुपारी एक ते चारच्या उन्हात थोडी सावली मिळेल अशी जागा बघा, पाण्याचं अंतर कमी होईल. मेअखेरीस आतल्या फांद्या विरळ करा. पहिल्या पावसाआधी कुंडी अशा जागी हलवा जिथे उजेड आणि वारा आहे पण पावसाचा एकही थेंब येत नाही. छज्जाखालची आतली बाजू चालते. कुंडीखाली दोन विटा ठेवा, म्हणजे भोकाखाली हवा राहील. पाणी आठ-दहा दिवसांनी, तेही कुंडी हलकी लागली तर. इतकं करूनही काही झाडं जातात. नीट सांभाळलेली रोझमेरी आपल्याकडे दोन-तीन वर्षं टिकली तर मी ते यश मानते.

म्हणून हिवाळ्यात लावलेल्या कटिंगपैकी दोन तरी मी दुसरीकडे ठेवते. एक खाली वॉचमनकाकांच्या केबिनच्या पत्र्याखाली, जिथे ऊन लागतं पण सर येत नाही. दुसरी कुंडी जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या बहिणीकडे पुण्याला जाते, गाडीत पायाशी धरून. तिथे आपल्या मानाने पाऊस कितीतरी कमी. तुळशीच्या लग्नाला ती आमच्याकडे येते तेव्हा कुंडी परत घेऊन येते.